आठवड्याला १२ तास

मे महिन्याच्या शेवटी लेकीच्या इथल्या, अमेरिकेतल्या शाळेतून ईमेल आली. तिची अकरावी संपत आली होती. सुट्टीनंतर कॉलेजचे अर्ज सुरू होणार, शाळेच्या समुपदेशक बाई तिच्यासाठी शिफारसपत्र लिहिणार, आणि ते नीट लिहिता यावं म्हणून एक फॉर्म तिने भरायचा, एक आम्ही. फॉर्मचं नाव ‘ब्रॅग शीट’. ब्रॅग म्हणजे बढाई. बढाईचा कागद.

सांगली जिल्ह्यातल्या जतला आमच्या घरी बढाईला जागा नव्हती. कुणी दारात येऊन ‘पोरगी हुशार आहे हो तुमची’ म्हणून गेलं, तर आजी दिवेलागणीला मीठ-मोहऱ्या ओवाळून चुलीत टाकायची. बारावीचा निकाल लागला तेव्हा वडील मार्कशीट हातात घेऊन बराच वेळ बघत बसले आणि म्हणाले, “बरं झालं.” त्या दोन शब्दांत काय होतं ते मला कळलं होतं. त्याहून जास्त मला नकोही होतं.

लेकीचं कौतुक मीही असंच करत आलेय. तिला आवडतं म्हणून भरलं वांगं करते, परीक्षेच्या सकाळी हातावर दही-साखर ठेवते. ‘तू चांगली आहेस’ असं तोंडाने म्हटल्याचं मला आठवत नाही.

पालकांच्या फॉर्मवर पहिला प्रश्न होता: तुमच्या मुलीचं वर्णन करणारी पाच विशेषणं लिहा. दुसरा: तिचा स्वभाव दाखवणारा एखादा प्रसंग सांगा. मी फॉर्म बंद केला. तो सगळा उन्हाळा तसाच राहिला.

असा कागद मागण्यामागचं कारण साधं आहे. एका समुपदेशकाकडे जास्तीत जास्त २५० मुलं असावीत, अशी इथल्या शालेय समुपदेशकांच्या संघटनेची शिफारस आहे, आणि बऱ्याच शाळांत ती त्याहून जास्त असतात. इतक्या मुलांना जवळून ओळखणं कुणालाच शक्य नाही. तेव्हा मुलांनी स्वतःच सांगायचं, आईबापांनी सांगायचं. मुलीने आपला रेझ्युमेही सोबत जोडायचा होता.

१७व्या वर्षी रेझ्युमे! १९९६ साली माझ्या प्रवेशाला लागलेले कागद मला अजून पाठ आहेत. मार्कशीट, शाळा सोडल्याचा दाखला, उत्पन्नाचा दाखला, आणि सगळ्यांच्या झेरॉक्सवर राजपत्रित अधिकाऱ्याची सही आणि शिक्का. सांगलीच्या कॉलेजात भिंतीवर यादी लागली, नाव होतं, फी भरली. मार्कांखेरीज या मुलीने आयुष्यात काय केलं, हे विचारायचं कुणाच्या मनातही आलं नाही. त्यात एक न्याय होता, हे मी आजही मानते. पहाटे चारला हापशावर घागरी घेऊन रांगेत उभी राहणारी मी आणि सांगलीतल्या बंगल्यातली मुलगी, दोघींची नावं एकाच यादीत, मार्कांप्रमाणे एकाखाली एक. फक्त तो हापसा त्या यादीत कुठे नव्हता.

जूनमध्ये मी कपाटाच्या वरच्या फळीवरून खोका काढला. लेक पहिलीत असल्यापासूनचं सगळं त्यात आहे. पोहण्याच्या शर्यतीतल्या निळ्या-पिवळ्या फिती, स्पेलिंगची प्रशस्तिपत्रकं, मराठी शाळेचे निकाल, गांधर्व महाविद्यालय मंडळाच्या कथकच्या परीक्षांचे दाखले, प्रारंभिकपासून प्रवेशिका पूर्णपर्यंत. कथकच्या क्लासला जायला ४० मिनिटं आणि यायला ४०. मागच्या सीटवर ती हाताने ताल देत बोल म्हणायची आणि पुढे मी गाडी चालवता चालवता तिच्या मात्रा मोजायचे. ते तोडे मला अजून येतात. सगळे कागद मी तारीखवार लावले आणि जेवणाच्या टेबलावर मांडून ठेवले.

लेकीने पाच मिनिटांत पाहिलं आणि हळूच म्हणाली, “आई, फक्त नववीपासूनचं चालतं.”

कॉलेजच्या अर्जाचा फॉर्मच तसा आहे. ही गोष्ट कोणकोणत्या इयत्तेत केली, असं विचारून पुढे चौकटी दिलेल्या असतात, आणि नववीच्या आधीची चौकटच नाही. तिने कथक आठवीत सोडलं. आठ वर्षांचे घुंगरू, आणि कागदावर त्याला एका अक्षराचीही जागा नाही. मला ते फार लागलं. रात्री नवऱ्याजवळ बोलले तर तो म्हणाला, “तिला नाचताना मजा यायची ना? ती कुठे गेली?” खोका मी परत वर ठेवला. तो मी तिच्या अर्जासाठी भरत आले, असंच इतकी वर्षं समजत होते. तसं नव्हतं.

इथले बरेच अर्ज ‘कॉमन ॲप’ नावाच्या एकाच फॉर्मवर भरता येतात. १९७५ साली १५ खासगी कॉलेजांनी मिळून तो सुरू केला, आता हजाराहून जास्त कॉलेजं त्यात आहेत. मार्क आणि ६५० शब्दांपर्यंतचा निबंध यांच्याबरोबरच वर्गाबाहेर काय करता याची यादी त्यात मागतात. यादीत जागा १०. प्रत्येक ठिकाणी तुमचं पद ५० अक्षरांत, संस्थेचं नाव १०० अक्षरांत, आणि काय केलं ते १५० अक्षरांत, मधल्या मोकळ्या जागा धरून. कॅलिफोर्निया विद्यापीठाचा फॉर्म वेगळा: २० गोष्टी सांगा, प्रत्येकीला ३५० अक्षरं. एमआयटीचाही स्वतःचा अर्ज आहे. तिथे तुम्हाला सर्वांत महत्त्वाच्या वाटणाऱ्या चारच गोष्टी विचारतात, आणि मला ते फार आवडलं. रेझ्युमे म्हणून वेगळं पान काही कॉलेजं जोडू देतात, काही घेतच नाहीत. तरी तो आधी करून ठेवावा, कारण पुढच्या सगळ्या फॉर्मांचं कच्चं सामान त्यातूनच निघतं.

पहिला मसुदा मी केला. करायला नको होता, पण केला.

आमच्याकडे दर रविवारी भाड्याने घेतलेल्या वर्गांत मराठी शाळा भरते. लेक स्वतः तिथे शिकली आणि नववीपासून सर्वांत लहान मुलांच्या वर्गात मदत करते. मी लिहिलं होतं, मराठीत सांगायचं तर, ‘परदेशातील नव्या पिढीत मराठी भाषा व सांस्कृतिक वारसा जतन करण्यात नेतृत्वाची भूमिका’.

“आई, हे मी नाही करत.”

“मग काय करतेस?”

“मी त्यांना ळ शिकवते.”

आणि खरंच, ती ळ शिकवते. इथे वाढणाऱ्या मुलांची जीभ तिथे अडते. बाळचं बाल होतं, केळ्याचा केला. स्वतः लेकीलाही लहानपणी तो यायचा नाही. जीभ मागे नेऊन टाळूला लावायची आणि सोडायची, हे तिला मी आरशासमोर उभं करून शिकवलं होतं. आता तीही वर्गात आरसा घेऊन जाते, हे मला तिने लिहिलेल्या ओळीतून कळलं: ‘पाच-सहा वर्षांच्या ९ मुलांना मराठी अक्षरं शिकवते. ‘ळ’साठी हातआरसा वापरते. चित्रांची कार्डं काढली: बाळ, केळं, फळा, मुळा. कार्डं आता दुसऱ्या वर्गातही वापरतात.’

माझ्या ओळीत कुणाचंच तोंड दिसत नव्हतं. तिच्या ओळीत नऊ पोरं जीभ वर करून आरशात बघताना दिसतात.

इंग्रजी रेझ्युमेत वाक्य क्रियापदापासून सुरू करायचं, ‘मी’ लिहायचा नाही. शिकवते, लावते, शोधते. मराठीत तर ‘शिकवते’ एवढं म्हटलं की करणारी मुलगी आहे, हे कळून जातं. ‘मी’ पुढे न आणता स्वतःचं काम सांगायची सोय आपल्या भाषेत मुळातच आहे. हे मला आजवर कधी सुचलं नव्हतं.

शनिवारी ती गावच्या सार्वजनिक वाचनालयात काम करते, पगारी. परत आलेली पुस्तकं ड्युईच्या विषयवार आकड्यांप्रमाणे जागेवर लावायची. यात लिहिण्यासारखं काय, असं मला वाटलं होतं. तिचं म्हणणं, चुकीच्या फळीवर गेलेलं पुस्तक म्हणजे हरवलेलं पुस्तक. यादीत ते ‘आहे’ दिसतं आणि वाचणाऱ्याला मिळत नाही. म्हणून दर शनिवारी शेवटची २० मिनिटं ती एक फळी ओळीने तपासते. तिला कुणी सांगितलेलं नाही. ६४१.५ म्हणजे स्वयंपाक, आणि सगळ्यांत जास्त घोळ तिथेच होतो म्हणे, कारण लोक उभ्या उभ्या चाळतात आणि दिसेल तिथे खुपसतात. हेही तिने दीडशे अक्षरांत बसवलं.

जुलैत आम्ही एका सल्लागाराकडे जाऊन आलो. पहिली भेट मोफत होती. यादी पाहून त्यांनी सांगितलं की यात ‘संस्थापक’ कुठेच नाही, ‘अध्यक्ष’ही नाही. अजून वेळ आहे, सप्टेंबरपर्यंत एक छोटी ना-नफा संस्था काढता येईल, वेबसाइट ते करून देतील. फी काही हजार डॉलर. येताना लेक गाडीत गप्प बसून होती. घर जवळ आल्यावर म्हणाली, “आई, माझ्याजवळ आहे ते कमी आहे का गं?”

मला लगेच ‘नाही’ म्हणता आलं नाही. त्या दोन-तीन सेकंदांचं मला आजही वाईट वाटतं.

आम्ही त्यांना नको म्हणून कळवलं. पण असा सल्ला देणारे ते एकटे नाहीत. गणपतीच्या आरतीनंतर प्रसादाच्या रांगेतसुद्धा आईबाप एकमेकांना हेच विचारतात: तुमचा काय करतो? रिसर्च कुठे? स्टार्टअप काढलं का? १६ वर्षांच्या मुलाला स्वतःचं आयुष्य अपुरं वाटायला लावणारी ही सगळी घाई वाईट आहे, असं माझं स्पष्ट मत आहे. ती कुठवर जाते तेही आपण पाहिलंय. २०१९च्या मार्चमध्ये इथे प्रवेशांचा मोठा घोटाळा उघडकीला आला. सुरुवातीलाच ५० जणांवर आरोप ठेवले गेले, त्यात श्रीमंत आणि नावाजलेले आईबाप होते. कधी न खेळलेल्या मुलांना खेळाडू म्हणून दाखवलं होतं. काहींना तर वल्हवण्याच्या व्यायामयंत्रावर बसवून फोटो काढले होते. पुढे काही पालकांना तुरुंगवास झाला. मी त्या बातम्या वाचताना सारखा त्या फोटोंचा विचार करायचे. ‘बस इथे, दांडा धर, इकडे बघ,’ असं पोटच्या पोराला सांगताना त्या आईबापांनी पोराला काय सांगितलं? तू आहेस तसा पुरत नाहीस, हेच ना?

त्याआधी, २०१६च्या जानेवारीत, हार्वर्डच्या शिक्षणशास्त्र विभागातून एक अहवाल निघाला होता. मुलांच्या याद्या लांबवत नेण्यापेक्षा मोजक्या, मनापासून केलेल्या गोष्टींना कॉलेजांनी किंमत द्यावी, आणि धाकट्या भावंडांना सांभाळणं, घराला हातभार लावणं हेही योगदान म्हणून धरावं, असं त्यात म्हटलं होतं. मला तो पटला होता. दुसऱ्यांच्या मुलांबाबत पटला होता, हे मला ऑगस्टमध्ये समजलं.

यादीतल्या प्रत्येक गोष्टीपुढे दोन आकडे भरायचे असतात: आठवड्याला किती तास, वर्षात किती आठवडे. लेकीने हे सगळ्यांत मन लावून केलं. स्वयंपाकघरातलं कॅलेंडर काढून आणलं, शाळेचं वेळापत्रक घेतलं. आठवड्याचे तास १६८. त्यातून झोप, शाळा, अभ्यास वजा. सायन्स ऑलिंपियाडपुढे तिने आधी ६ लिहिलं होतं. बेरीज जमेना तेव्हा मागच्या वर्षीचे मेसेज काढून मोजलं आणि ४ केलं. मी म्हटलं, असू दे की ६, कोण बघतंय. ती म्हणाली, “मी बघतेय ना.”

ऑगस्टमधल्या त्या रात्री मी पाळी संपवून घरी आले तेव्हा बारा वाजून गेले होते. मी हॉस्पिटलच्या प्रयोगशाळेत मायक्रोबायोलॉजीला आहे. आठवड्यातले चार दिवस दुपारी ३ ते रात्री ११:३०. नवरा न्यूयॉर्कहून ट्रेनने मेट्रोपार्कला उतरून घरी येईपर्यंत सात होतात. टेबलावर रेझ्युमेची प्रत होती, मी वाचावी म्हणून ठेवलेली. शेवटची नोंद नवीन होती.

‘कौटुंबिक जबाबदाऱ्या. इयत्ता ९, १०, ११. आठवड्याला १२ तास, वर्षाला ३६ आठवडे. आईची संध्याकाळची पाळी असते तेव्हा धाकट्या भावाला बसवरून घेते, गृहपाठ करवून घेते, वरण-भाताचा कुकर लावते. पोळ्या शिकते आहे.’

मी उभ्यानेच वाचलं आणि माझं अंग तापलं. सकाळी ती उठल्या उठल्या म्हटलं, “ती शेवटची ओळ काढ.”

“का?”

“लोक काय म्हणतील? आईबापांनी पोरीला घरकामाला जुंपलं. तुला एवढा त्रास होत होता तर बोलायचंस.”

ती बावरली. मग म्हणाली, “आई, ही तक्रार नाहीये. मी काय करते ते विचारलंय. मी हे करते.” आणि लॅपटॉप फिरवून दाखवलं. कामाचा प्रकार निवडायच्या यादीत खेळ, संगीत, नोकरी यांच्या रांगेत ‘कौटुंबिक जबाबदाऱ्या’ हा प्रकार छापलेलाच होता.

मी दोन दिवस तिच्याशी धड बोलले नाही. मग एका दुपारी, कामावर जायच्या आधी भाजी चिरताना, मला माझा राग सापडला.

माझ्या वयाच्या बऱ्याच बायकांप्रमाणे माझाही पहिला बायोडेटा लग्नासाठी झाला. २००३ साल. वर श्री गणेश प्रसन्न, खाली जन्मतारीख, जन्मवेळ, रास, गण, नाडी, उंची, वर्ण. एम.एस्सी. सूक्ष्मजीवशास्त्र, एवढी एक ओळ. त्या दोन वर्षांत रात्री-अपरात्री लॅबमध्ये जाऊन मी कितीदा प्लेट्स तपासल्या, ते त्यात नव्हतं. आणि तळाशी मामांनी आपल्या वळणदार अक्षरात घातलेला शब्द: गृहकृत्यदक्ष. टाइप करणाऱ्याने तो ठळक केला होता. तो शब्द वाचून मुलाकडच्या मंडळींनी मला पोह्यांची चव कुणी दिली म्हणून विचारलं होतं. मी खाली बघून ‘मीच’ म्हटलं होतं.

लेकीच्या कागदावर कुकर येऊ नये, म्हणूनच जणू मी इतक्या लांब आले, असं कुठेतरी आत धरून बसले होते. आणि तो आलाच, तिने स्वतःच्या हाताने लिहिलेला.

मी तिची ओळ परत वाचली. त्यात विशेषण एकही नव्हतं. तास होते, आठवडे होते, बस होती. मामांचा शब्द म्हणजे ही मुलगी पुढे काय करील, याची दुसऱ्या घराला दिलेली हमी होती. तिने झालेलं काम मोजून आपल्या नावावर लावलं होतं, वाचनालयाच्या खाली आणि मराठी शाळेच्या शेजारी, त्याच मापात. उद्या धाकट्याच्या कागदावरही ही ओळ येईल. ‘गृहकृत्यदक्ष’ हा शब्द मुलाच्या बायोडेटात मी आजवर पाहिलेला नाही.

विळी बाजूला ठेवून मी तिथेच हिशेब केला. १२ गुणिले ३६, गुणिले ३. १,२९६ तास. हापशावरच्या माझ्या पहाटा मी कधी मोजल्या नव्हत्या, आईने तिच्या मोजल्या नव्हत्या. मला रडू आलं आणि ते कशाचं आहे, हे मला पूर्ण सांगता येणार नाही.

त्या रात्री मी तिला फक्त एवढंच विचारलं, “पोळ्या शिकते आहे हे ठेवायचंच का?” ती म्हणाली, “खरं आहे म्हणून ठेवलं.” राहू दिलं.

त्याच सुमारास तिच्या टिपणवहीत मला आणखी एक ओळ दिसली, रेझ्युमेत न घेतलेली: ‘फेब्रुवारी. ताप.’ विचारलं तेव्हा कळलं. धाकटा बसमधून उतरला तोच कुडकुडत. तिने थर्मामीटर लावला, डॉक्टरांच्या नर्सला फोन केला, वजन विचारलं तर त्याला काट्यावर उभं करून सांगितलं, औषधाचा डोस कागदावर लिहून घेतला, वेळ टाकली. कपाळावर गार पाण्याच्या पट्ट्या ठेवत बाबा येईपर्यंत त्याला गोष्ट वाचून दाखवली. मी घरी आले तेव्हा दोघंही झोपले होते. नवऱ्याने ‘जरा ताप होता, उतरला’ एवढंच सांगितलं होतं.

“मला का नाही सांगितलंस?”

“तुझा फोन लॉकरमध्ये असतो ना. आणि तू सॅम्पल्स सोडून येऊ शकत नाहीस. मग तुला नुसती काळजी.”

सप्टेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात मी पालकांचा फॉर्म उघडला. पाच विशेषणांच्या पाच रकान्यांपुढे पुष्कळ वेळ बसले. हुशार, कष्टाळू, प्रेमळ, सगळे शब्द मामांच्या अक्षरात दिसायला लागले. शेवटी पहिल्या रकान्यात लिहिलं, ‘मोजून खरं सांगते’. दुसऱ्यात, ‘हरवलेलं पुस्तक शोधते’. तिसऱ्यात, ‘ळ शिकवते’. उरलेले दोन तसेच सोडले. मग प्रसंगाच्या जागेत फेब्रुवारीतली संध्याकाळ लिहिली. बस, काटा, कागदावरचा डोस, पट्ट्या. १०३ ताप. आणि शेवटी, हे मला सहा महिन्यांनी कळलं, तेही तिच्या वहीतून.

पाठवायच्या आधी तिला वाचायला दिलं. ती वाचत असताना मी ओट्याकडे तोंड करून उभी होते, गॅस पुसत. बराच वेळ काही आवाज नाही. मग ती उठून माझ्या शेजारी येऊन उभी राहिली, खांद्याला खांदा लावून. तिची वही तिच्या हातात होती.

“आई, १०३ नव्हता. १०२.४ होता.”

मी हात पुसले, आकडा बदलला आणि फॉर्म पाठवला.